सिद्ध कोणी करायचे? : औषधांच्या कायद्यातील काही शब्दांची गोष्ट

विज्ञानाच्या तासाला आपण व्याख्या पाठ करून घेतो. एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, एक शब्द इकडचा तिकडे झाला तर काय बिघडले?" अर्धा गुण जाईल, एवढेच उत्तर बहुतेक वेळा आपल्याला सुचते. या लेखात आम्ही अशी एक हकिगत सांगणार आहोत, जिच्यात व्याख्येतल्या शब्दांवर माणसांचे प्राण अवलंबून होते. हकिगत मुख्यतः अमेरिकेतली आहे. शेवटी ती आपल्याकडे, थेट मुंबईपर्यंत येते.

१९३७ सालच्या शरद ऋतूत अमेरिकेत एक पातळ औषध घेऊन शंभराहून अधिक माणसे मेली. त्यांत बरीच लहान मुले होती. कंपनीवर खटला झाला आणि तिला दंडही झाला. पण तो दंड माणसे मेली म्हणून झाला नव्हता. बाटलीवर 'एलिक्झिर' असा चुकीचा शब्द छापला म्हणून झाला होता. त्या देशात तेव्हा औषधांचा कायदा नव्हता असे नाही. तो होऊन एकतीस वर्षे झाली होती. मग असे का घडले?

लेबलापुरता कायदा

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत औषध म्हणून जवळजवळ काहीही विकता येत असे. 'पेटंट औषधे' या नावाने खपणाऱ्या बाटल्यांत भरपूर अल्कोहोल असे, कधी अफू, कधी कोकेन. बाळ शांत झोपावे म्हणून दिल्या जाणाऱ्या सिरपमध्येसुद्धा मॉर्फिन असे. कृषी खात्याच्या रसायन विभागाचे प्रमुख हार्वे वायली यांनी याविरुद्ध अनेक वर्षे झगडा दिला, आणि ३० जून १९०६ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर सही केली.

या कायद्याने दोन गोष्टी गुन्हा ठरवल्या. एक भेसळ आणि दुसरी खोटे लेबल. औषधात अल्कोहोल, अफू, मॉर्फिन, कोकेन यांसारखे ठरावीक पदार्थ असतील तर त्यांचे प्रमाण लेबलावर छापायचे होते. शिवाय लेबलावर त्या वस्तूविषयी खोटे किंवा दिशाभूल करणारे विधान असता कामा नये, असेही कलम होते. वाचताना वाटते की यात सगळे आले. पण न्यायालयात गेल्यावर शब्दांचा कस लागतो.

कॅन्सास सिटीमधील जॉन्सन नावाच्या एका विक्रेत्याने कर्करोगावरची औषधे विकायला काढली. त्यांचा काडीचा उपयोग नव्हता, हे सरकारी रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होते. 'कर्करोग बरा होतो' हे लेबलावरचे विधान खोटे आहे म्हणून सरकारने खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९११ च्या मे महिन्यात निकाल लागला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, कायद्याचा रोख औषधात काय आहे याबद्दलच्या खोट्या विधानांवर आहे. औषधाने काय होईल याबद्दलच्या दाव्यांना तो लागू नाही, कारण गुण येतो की नाही यावर वैद्यकात मतभेद असतात. न्यायमूर्ती ह्यूज यांनी वेगळे निकालपत्र लिहिले. त्यांनी विचारले, जिथे प्रामाणिक मतभेदाला जागाच नाही, तिथे 'मत' या शब्दाचा आडोसा कसा घेता येईल? दोन न्यायमूर्ती त्यांच्या बाजूने होते, पण निकाल बहुमताचा लागतो.

वर्गात चर्चेला घ्यावा असा हा प्रश्न आहे. 'हे औषध कर्करोग बरा करते' हे विधान म्हणजे एखाद्याचे मत आहे, की तपासून पाहता येईल असे विधान आहे?

'आणि' या शब्दाची किंमत

अध्यक्ष टॅफ्ट यांनी लगेच संसदेला, म्हणजे तिकडच्या काँग्रेसला, कायद्यातली ही फट बुजवण्याची विनंती केली. केंटकीचे प्रतिनिधी शर्ली यांनी मांडलेली दुरुस्ती ऑगस्ट १९१२ मध्ये मंजूर झाली. औषधाच्या गुणाविषयीचा दावा आता कायद्याच्या कक्षेत आला. मात्र तो दावा गुन्हा ठरण्यासाठी कसा असायला हवा होता? 'खोटा आणि लबाडीचा'.

'खोटा किंवा लबाडीचा' असे लिहिले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. 'आणि' लिहिल्यामुळे सरकारवर दोन गोष्टी सिद्ध करण्याची पाळी आली. दावा खोटा आहे ही पहिली, आणि तो खोटा आहे हे माहीत असून विक्रेत्याने फसवण्याच्या हेतूने केला ही दुसरी. पहिली गोष्ट प्रयोगशाळेत दाखवता येते. दुसरी विक्रेत्याच्या मनात असते. माणूस पुरेसा अज्ञानी असेल, किंवा तसे सोंग घेऊ शकत असेल, तर तो सुटणार.

याचे एक उदाहरण 'बॅनबार' या औषधाचे आहे. ते वनस्पतीच्या अर्कापासून केलेले असून मधुमेहावर विकले जाई. इन्शुलिन १९२२ पासून उपलब्ध झाले होते, तरी सुई टोचून घेण्यापेक्षा बाटलीतले औषध बरे म्हणून अनेक रुग्ण तिकडे वळत. सरकारने खटला भरला. विक्रेत्याने गुण आल्याची रुग्णांची पत्रे पुढे केली. सरकारने त्याच पत्रलेखकांपैकी काहींचे मृत्यूचे दाखले मिळवून आणले, आणि त्यांवर मृत्यूचे कारण मधुमेह असे लिहिलेले होते. तरीही सरकार हरले. एवढी पत्रे आलेल्या माणसाचा आपल्या औषधावर खरोखरच विश्वास असेल, असे ज्यूरीला वाटले.

इथपर्यंतचा हिशेब मांडू या. १९०६ च्या कायद्यात लेबल खोटे आहे हे सिद्ध करायचे सरकारने. १९१२ च्या दुरुस्तीत लेबल खोटे आहे आणि मनही खोटे आहे हे सिद्ध करायचे, तेही सरकारने. औषध बनवणाऱ्याने काय सिद्ध करायचे? काहीच नाही.

एका विधेयकाची पाच वर्षे

१९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि कृषी खात्यातील उपमंत्री रेक्सफर्ड टगवेल यांनी नव्या कायद्याचे काम हाती घेतले. कायद्याच्या प्राध्यापकांची मदत घेऊन घाईने मसुदा तयार झाला. जून १९३३ मध्ये न्यूयॉर्कचे सिनेटर रॉयल कोपलँड यांनी तो मांडला. ते स्वतः डॉक्टर होते.

हेतू चांगला होता, पण मसुदा कच्चा होता. उदाहरणार्थ, औषधाविषयीचा दावा वैद्यकीय मताच्या सर्वसाधारण एकवाक्यतेविरुद्ध असेल तर तो खोटा समजावा, असे त्यात होते. ही एकवाक्यता ठरवणार कोण आणि कशी? उद्या एखाद्या संशोधकाने प्रचलित मताविरुद्ध पण बरोबर गोष्ट सांगितली तर? जाहिरातीतून संदिग्धतेने किंवा अनुमानाने जरी चुकीचा समज झाला तरी ती खोटी धरावी, असेही कलम होते. कृषिमंत्र्यांना मिळणारे अधिकारही फार सैल शब्दांत लिहिले होते.

औषध कंपन्यांनी गदारोळ केला. औषधांच्या जाहिरातींवर चालणाऱ्या वृत्तपत्रांपैकी अनेकांनी त्यांची बाजू घेतली. टीकेमागे स्वार्थ होता यात शंका नाही. पण ती सगळीच खोटी होती असेही म्हणता येणार नाही, आणि आमच्या मते इथेच शिकण्यासारखे काही आहे. ढिसाळ मसुदा हा विरोधकांच्या हाती आयता दिलेला दगड असतो. ज्यांना कायदाच नको असतो, त्यांना तो नको म्हणण्याऐवजी त्यातले शब्द बरोबर नाहीत असे म्हणण्याची सोय होते.

विधेयक पुन्हा लिहिले गेले, मग पुन्हा एकदा. दर आवृत्तीत काही कलमे गळाली, काही सौम्य झाली. अन्न व औषध प्रशासनाने लोकांना दाखवण्यासाठी एक प्रदर्शन भरवले. बॅनबारची पत्रे आणि त्यांच्या शेजारी मृत्यूचे दाखले, पापण्या रंगवण्याच्या द्रव्याने दृष्टी गेलेल्या स्त्रीचे छायाचित्र, असे पुरावे त्यात मांडले होते. वृत्तपत्रांनी त्याला 'भीतीचे दालन' असे नाव दिले. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनीही ते पाहिले. तरी १९३७ मध्येही विधेयक प्रतिनिधिगृहाच्या समितीत अडकलेलेच होते.

सल्फानिलामाइडचे 'एलिक्झिर'

सल्फानिलामाइड हे त्या काळातले नवे, खरोखरच गुणकारी औषध. घशाच्या आणि इतर जिवाणुसंसर्गांवर ते चाले. ते गोळी आणि पूड या रूपांत मिळे. लहान मुलांना देता येईल असे पातळ औषध हवे, अशी मागणी टेनेसी राज्यातील मॅसेंगिल या कंपनीकडे तिच्या विक्री प्रतिनिधीमार्फत आली.

अडचण होती विद्राव्यतेची. सल्फानिलामाइड पाण्यात फारच कमी विरघळते, अल्कोहोलमध्येही पुरेसे विरघळत नाही. कंपनीच्या मुख्य रसायनशास्त्रज्ञाने वेगवेगळे द्रावक वापरून पाहिले. डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये ते छान विरघळले. मिश्रणात सुमारे ७२ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल, १६ टक्के पाणी आणि १० टक्के सल्फानिलामाइड होते. त्यात रास्पबेरीचा स्वाद घातला. औषधाचा रंग, वास आणि चव तपासली. ते विषारी आहे का, हे तपासले नाही. एखाद्या उंदरालाही ते पाजून पाहिले नाही. तशी कायद्याची सक्ती नव्हती.

डायइथिलीन ग्लायकॉल शरीरात गेल्यावर त्याचे ऑक्सिडीकरण होऊन काही आम्ले तयार होतात. त्यांपैकी डायग्लायकॉलिक आम्ल मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी नष्ट करते, हे आज आपल्याला माहीत आहे. रोग्याची लघवी बंद होते, पोटात तीव्र वेदना होतात आणि काही दिवसांत मृत्यू येतो. ही यंत्रणा १९३७ मध्ये कळलेली नव्हती. पण हा पदार्थ प्राण्यांना अपायकारक आहे, अशा नोंदी शास्त्रीय नियतकालिकांत येऊ लागल्या होत्या. ग्रंथालयात जाऊन पाहणाऱ्याला त्या सापडल्या असत्या.

सप्टेंबर १९३७ मध्ये औषध देशभर रवाना झाले. ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरातून मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या. अन्न व औषध प्रशासनाने आपले क्षेत्रीय काम करणारे जवळजवळ सर्व, म्हणजे २३९ निरीक्षक आणि रसायनशास्त्रज्ञ या एका कामावर लावले. दुकानांच्या वह्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, विक्रेत्यांचे पत्ते तपासत ते घरोघर हिंडले. एकूण २४० गॅलन औषध तयार झाले होते, त्यांपैकी २३४ गॅलनांहून थोडे अधिक त्यांनी परत मिळवले. उरलेले साधारण सहा गॅलन, म्हणजे बावीस-तेवीस लिटर, लोकांच्या पोटात गेले होते. दीड-दोन बादल्यांत मावेल एवढ्या औषधाने पंधरा राज्यांत शंभराहून अधिक बळी घेतले.

आता कायद्याकडे पाहू. विषारी औषध विकणे हा १९०६ च्या कायद्याप्रमाणे गुन्हा नव्हता. औषधात भेसळ नव्हती, कारण त्याला कोणते मानकच ठरलेले नव्हते. ते कोणत्या रोगावर चालते याचा दावाही खोटा नव्हता. मग कोणत्या आधारावर बाटल्या जप्त करायच्या? 'एलिक्झिर' या शब्दाचा रूढ अर्थ अल्कोहोलयुक्त औषध असा होता आणि या बाटलीत अल्कोहोल नव्हते. म्हणून लेबल खोटे! कंपनीने त्याला 'सल्फानिलामाइडचे द्रावण' म्हटले असते, तर सरकारला त्या बाटल्यांना हातही लावता आला नसता. कंपनीला २६,१०० डॉलर दंड झाला.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. चार वर्षे ज्या विधेयकावर वाद चालला होता, त्यातही नवे औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे दाखवावे अशी अट नव्हती. लेबले, जाहिराती, अधिकार, दंड यांवर मोठी खडाजंगी झाली होती. पण 'सिद्ध कोणी करायचे आणि केव्हा?' हा प्रश्न बाजूलाच राहिला होता. एलिक्झिरच्या बळींनंतर ते कलम त्यात घातले गेले आणि २५ जून १९३८ रोजी नव्या कायद्यावर सही झाली. आता नव्या औषधाच्या सुरक्षिततेचा पुरावा उत्पादकाने द्यायचा होता, आणि तो विक्रीपूर्वी द्यायचा होता.

गप्प राहणे म्हणजे संमती

१९३८ च्या कायद्यातही एक फट राहिली. उत्पादकाने अर्ज केल्यावर साठ दिवसांत प्रशासनाने हरकत घेतली नाही, तर औषध आपोआप बाजारात जाऊ शकत असे. अधिकारी कामात बुडालेला असो वा आजारी, त्याचे मौन ही संमतीच.

सप्टेंबर १९६० मध्ये थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचा अर्ज डॉ. फ्रान्सिस केल्सी यांच्या टेबलावर आला. नोकरीला लागून त्यांना महिनाच झाला होता. विशेष म्हणजे, १९३७ मध्ये शिकागो विद्यापीठात एलिक्झिरचा विषारी घटक कोणता हे प्राण्यांवर प्रयोग करून शोधणाऱ्या प्रा. गाइलिंग यांच्या त्या विद्यार्थिनी होत्या आणि त्या कामात त्यांनी भागही घेतला होता. थॅलिडोमाइडविषयी दिलेला पुरावा त्यांना अपुरा वाटला. दर वेळी मुदत संपण्याआधी त्या अधिक माहिती मागवत राहिल्या. कंपनीने तगादा लावला, पण त्या बधल्या नाहीत. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत ते औषध मागे घेतले गेले, कारण गर्भवती स्त्रियांनी ते घेतल्यामुळे हातपाय न वाढलेली बालके जन्माला आली होती. जगभरात अशी सुमारे दहा हजार बालके जन्मली.

अमेरिका वाचली ती मुख्यतः एका अधिकाऱ्याच्या चिकाटीने. कायद्याची भिस्त अशा योगायोगावर असू नये, हे आता सर्वांना पटले. सिनेटर केफॉव्हर यांचे औषधांविषयीचे विधेयक तोवर रखडले होते. ते पुन्हा लिहून ऑक्टोबर १९६२ मध्ये मंजूर झाले. आता मौन पुरेसे नव्हते, स्पष्ट परवानगी लागणार होती. औषध सुरक्षित आहे एवढेच नव्हे तर ते गुणकारी आहे, हेही उत्पादकाने पुरेशा आणि नीट नियंत्रित अभ्यासांतून दाखवायचे होते. प्रयोगात तुलनेसाठी नियंत्रित गट असावा असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. ती गोष्ट अशी कायद्याच्या भाषेत आली.

आपल्याकडे

आपल्या देशात १९२७ मध्ये पुण्याचे सर हरून जाफर यांनी तेव्हाच्या राज्य परिषदेत औषधांवर नियंत्रण आणण्याचा ठराव मांडला. १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षी तिने अहवाल दिला. सरकारने १९३७ मध्ये, म्हणजे एलिक्झिरच्याच साली, मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणले. पण ते फक्त आयात होणाऱ्या औषधांपुरते होते. बंदरावरचा दरवाजा लावायचा आणि देशातल्या कारखान्यांचा व दुकानांचा उघडा ठेवायचा, असा हा प्रकार. निवड समितीने नेमके यावरच बोट ठेवले. आयात, उत्पादन आणि वितरण या तिन्हींसाठी सर्वंकष कायदा हवा, असे तिचे मत पडले. उत्पादन आणि विक्री हे प्रांतांचे विषय असल्याने आधी प्रांतांची संमती मिळवावी लागली. १९४० मध्ये औषध कायदा झाला आणि १९४५ मध्ये नियम आले. सदोष विधेयक सभागृहाच्या समितीने वेळीच परत फिरवल्याचे हे आपल्याकडचे चांगले उदाहरण.

या नियमांत उत्पादकाची जबाबदारी स्पष्ट लिहिलेली आहे. कच्च्या मालाच्या आणि तयार औषधाच्या प्रत्येक बॅचची तपासणी करायची आणि नोंद ठेवायची. सिद्ध कोणी करायचे, याचे उत्तर इथे निःसंदिग्ध आहे.

आणि तरीही १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण दगावले. डोळ्यातील किंवा मेंदूवरील दाब कमी करण्यासाठी ग्लिसरीन पाजले जात असे. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या हलगर्जीपणावर कठोर ताशेरे ओढले. २०२२ मध्ये गांबिया देशात साठाहून अधिक मुले मेली. भारतात बनलेल्या सिरपांशी या मृत्यूंचा संबंध जोडला गेला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने किमान वीस मुले मेली. त्या औषधाच्या तपासलेल्या नमुन्यात जवळजवळ निम्मे डायइथिलीन ग्लायकॉल आढळले. १९३७ चेच विष, तेच मूत्रपिंड.

म्हणजे शब्द नीट असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. मसुद्यातल्या फटीतून विष शिरते, तसे न केलेल्या तपासणीतूनही शिरते. फरक इतकाच की, शब्द नीट असले तर जबाबदार कोण हे बोट ठेवून दाखवता येते.

वर्गात काय करता येईल?

घरातल्या औषधांची रिकामी वेष्टने विद्यार्थ्यांना आणायला सांगा. घटक, बॅच क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक, मुदतीची तारीख अशा प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहायला सांगा : हे कोणी, कसे आणि केव्हा सिद्ध केले असेल?

दुसरा उपक्रम घनतेचा. १०० मिलिलिटर ग्लिसरीनचे वजन करा. ते सुमारे १२६ ग्रॅम भरेल. तेवढ्याच डायइथिलीन ग्लायकॉलचे वजन सुमारे ११२ ग्रॅम भरते, हे फळ्यावर लिहून सांगा. ते द्रव्य शाळेत आणू नये. दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि गोडसर असतात, पण तराजूला फरक कळतो. मग विचारा, मिश्रणात ते दहा टक्के असेल तर वजन किती भरेल? एक सहस्रांश असेल तर तराजूला कळेल का? औषधी ग्लिसरीनमध्ये चालणारी मर्यादा जेमतेम तेवढीच, म्हणजे ०.१ टक्का आहे. ती ओळखायला वायू-वर्णलेखनासारखी पद्धत लागते, आणि ती वापरणारा माणूस त्या जागी हजर असावा लागतो.

एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर काय बिघडते, असे पुढच्या वेळी कोणी विचारले, तर 'आणि' व 'किंवा' यांतल्या फरकाची ही गोष्ट जरूर सांगावी.